जुळी बाळं पेटीत असताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या घरांसाठी

जुळ्यांची निम्म्याहून अधिक बाळंतपणं ३७ आठवडे पुरे होण्याआधीच होतात. सोनोग्राफीत दोन ठोके दिसले, की बाळं काही दिवस काचेच्या पेटीत राहतील असं धरूनच तयारीला लागावं. राहिली नाहीत तर आनंदच.

जुळी म्हणजे दोन वेगवेगळे पेशंट, हे पहिल्यापासून पक्कं ठरवा. वजन वेगळं, दुधाचं माप वेगळं, औषध वेगळं, घरी जायची तारीखही बहुधा वेगळी. "बाळांना काय दिलं?" असं एकत्र विचारलं की एकत्रच उत्तर मिळतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. म्हणून बाळंतपणाच्या पिशवीत दोन वह्या टाका, एक लाल पुठ्ठ्याची आणि एक निळ्या. लाल वही पहिल्या बाळाची, निळी दुसऱ्याची. नावं ठेवेपर्यंत दवाखाना त्यांना आईच्या नावाने "बाळ १" आणि "बाळ २" म्हणतो. हाच क्रम पायातल्या पट्टीवर, केसपेपरवर आणि दुधाच्या वाटीवर असतो, तुमच्या वह्यांतही तोच ठेवा.

सातव्या महिन्यातच ठरवा

प्रसूती होते त्या प्रत्येक सरकारी ठिकाणी नवजात बाळासाठी उबेचा कोपरा असतो, तालुक्याच्या दवाखान्यात बाळाला सावरण्यापुरती सोय असते. पण दीड किलोच्या दोन बाळांना श्वासाचं मशीन लागलं, तर एसएनसीयू किंवा एनआयसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग, असलेलं ठिकाणच हवं. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, नेहरूनगरला डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, तिथे सीपीआर हे सरकारी रुग्णालय. अथणी-कागवाडकडच्यांना मिरज जवळ. कुठलंही निवडा, पण आधी जाऊन एकच प्रश्न विचारा: "एकाच वेळी दोन बाळांना जागा मिळेल का?" एक पेटी आहे आणि दुसरी नाही, असं बाळंतपणाच्या रात्री कळलं तर दोन बाळं दोन गावांना जातात आणि आई तिसरीकडे राहते.

३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त गेलं, तर थेट अशा मोठ्या ठिकाणी जा. जन्मलेल्या बाळाला गाडीत घालून नेण्यापेक्षा पोटात असतानाच नेणं केव्हाही सुरक्षित. या काळात आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, ६ मिलिग्रॅमची चार, बारा-बारा तासांनी. त्याने बाळांची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. पहिलं इंजेक्शन तालुक्यालाही मिळू शकतं. ते घेतल्याची वेळ पुढच्या चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर बेळगावला पोचल्यावर कुणालाच खात्री नसते आणि डोस चुकतात.

जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांनी पावसाळ्याचा वेगळा विचार करावा. जून ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर आठवा लागताच बेळगावात किंवा खानापुरात नातेवाइकांकडे येऊन राहा. ओढ्याला पाणी आलं की १०८ वरचा माणूसही काही करू शकत नाही.

कागद आणि पैसा

जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाणं-येणं मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही हेच लागू. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली तर "हे योजनेत बसत नाही का?" असं शांतपणे विचारा, भांडू नका. पुष्कळदा तिथेच सोय होते. सुटी झाल्यावर आईला घरी सोडायला कर्नाटकात "नगु मगु" गाडी असते, तीही मागून घ्या.

खाजगीत जायची वेळ आली तर आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखांपर्यंत. तातडीची वेळ नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, आणि लोक अडकतात ते नेमके इथेच. बाळांची नावं रेशनकार्डात नसतात, तेव्हा आईच्या कार्डावर दोघांची वेगवेगळी नोंद कशी करायची हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, विचारा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमाभागातल्या गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे. तिच्यावर भरवसा ठेवून कोल्हापूर-मिरजेला निघणार असाल, तर त्या दवाखान्यात आधी फोन करून खात्री करा. कर्नाटकचं कार्ड तिकडे आपोआप चालेल असंही धरू नका.

पिशवीत ठेवायचं: तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड), सगळ्या सोनोग्राफी, आई-बापाची आधार कार्डं, रेशनकार्ड आणि प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. सोनोग्राफीत दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा) एक की दोन हे लिहिलेलं असतं. वार एकच असेल तर एका बाळाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी गेलेलं असू शकतं, म्हणून तो कागद बाळांच्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

गाडीतून नेताना

जन्मानंतर न्यायची वेळ आलीच तर थंडीला जपा. लहान बाळाच्या अंगात चरबी कमी असते आणि भिजलेलं अंग मिनिटांत गार पडतं. बाळ कोरडं करून टोपी, मोजे, लंगोट घाला आणि आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घ्या. दोन बाळं असतील तर दोन माणसं हवीत. गरम पाण्याची बाटली अंगाला लावू नका, नाजूक कातडी भाजते. आईला मागे ठेवू नका, दूध तिच्याकडेच आहे.

आत गेल्यावर पहिले तीन दिवस

दारात हिरवा चुडा उतरवावा लागतो. अंगठ्या, घड्याळ, गंडा सगळं काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, नखं कापलेली हवीत. बाळंतिणीच्या हातच्या बांगड्या उतरवताना सासूबाईंचा जीव खालीवर होतो. पण बांगडीखाली जंतू राहतात आणि कमी दिवसांच्या बाळाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जंतुसंसर्गच. चुडा घरी गेल्यावर पुन्हा भरता येतो. सर्दी-खोकला असलेल्याने आत जाऊच नये, मग तो बाप का असेना.

आतली मशीनं पाहून घाबरायला होतं. चिमुकल्या पायाला लावलेली लाल दिव्याची पट्टी रक्तातला ऑक्सिजन मोजते. ऑक्सिजन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळाला आकडा साधारण ९० ते ९५ ठेवतात. "शंभर का करत नाही?" असा आग्रह धरू नका, जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. नाकातल्या नळ्यांतून हवेचा दाब देतात तो सीपॅप. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला की मॉनिटर वाजतो. ३४ आठवड्यांआधीच्या बाळांत हे बरेचदा होतं, मेंदूची श्वासाची सवय अजून पक्की नसते म्हणून. त्यावर कॅफिन देतात. निळ्या लाईटखाली ठेवलं म्हणजे कावीळ आहे, डोळ्यांवर पट्टी असते, दूध पाजताना ती काढून बाळाचे डोळे बघून घ्या.

रोज डॉक्टर भेटतात तेव्हा दोन्ही वह्या उघडा आणि एकेका बाळाचं स्वतंत्र विचारा: आजचं वजन किती, श्वास स्वतःचा की मशीनचा, एका वेळी किती मिली दूध, साखर आणि संसर्गाची तपासणी काय सांगते, कालच्यापेक्षा काय बदललं. एवढं लिहून झाल्याशिवाय दुसऱ्या बाळाकडे वळू नका.

कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. न वाचता सही करू नका, "मराठीत सांगा, मग करते" म्हणा. बेळगावात पुष्कळ सिस्टरना मराठी कळतं. तरी चार शब्द ठाऊक असावेत: मगु म्हणजे बाळ, अवळी मक्कळु म्हणजे जुळी, ओंदने मगु पहिलं, एरडने मगु दुसरं, हालु दूध, तूक वजन, उसिराट श्वास, कामाले कावीळ.

दूध: हे काम दवाखान्याचं नाही, घरचं

कमी दिवसांच्या बाळाला आईचं दूध औषधासारखंच महत्त्वाचं आहे. वरच्या दुधाने आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका वाढतो आणि त्यातून बाळं दगावतात. म्हणून बाळ तोंडाने पीत नसलं, नुसती सलाईन असली, तरी बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करा. सिझेरियन झालेलं असलं तरीही. पडून राहून सिस्टरच्या मदतीने काढता येतं.

हाताने काढायची रीत अशी. छातीला कोमट कापड दोन मिनिटं धरा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी बोटं मागे छातीच्या फासळ्यांकडे दाबा, मग एकमेकांकडे आणा, सोडा. दाबा, आणा, सोडा. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत, घसरली की कातडी सोलवटते आणि दूध येत नाही. एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली, एकूण वीस ते तीस मिनिटं. पहिल्या दिवशी पिवळसर चिकाचे थेंबच येतात. वाटीत धरले तर वाटीलाच चिकटून जातात, म्हणून १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या. पाव मिली आलं तरी ते दोघांना वाटून गालाच्या आतल्या बाजूला लावतात.

दिवसातून आठ ते दहा वेळा, आणि रात्री पाच तासांहून मोठा खंड नको. "रात्री तिला झोपू द्या" म्हणून रात्रीचं काढणं सोडलं, की आठवड्याने दूध आटलं अशी तक्रार होते. छाती रिकामी होते तेव्हाच शरीर नवं दूध बनवतं, रिकामी नाही झाली तर बनवणं थांबवतं. दोघांचं दूध पहिल्या दोन आठवड्यांत बांधलं जातं. नंतर वाढवणं फार कठीण.

माप कसं ठरतं ते समजून घ्या. सुरुवातीला किलोमागे दिवसाला ६० ते ८० मिली, हळूहळू १५० ते १८० पर्यंत. बाळ १ चं वजन १६०० ग्रॅम असेल आणि डॉक्टरांनी किलोमागे १५० सांगितलं असेल, तर दिवसाला २४० मिली. दोन-दोन तासांनी बारा वेळा, म्हणजे एका वेळी २० मिली. १९०० ग्रॅमच्या बाळ २ ला २८५, म्हणजे एका वेळी जवळजवळ २४. चार मिलीचा फरक किरकोळ वाटतो, पण वाट्या अदलाबदल झाल्या तर कमी वजनाच्या बाळ १ ला दिवसभरात ४५ मिली जास्त जातं आणि पोट फुगतं. वाटीवर चिकटपट्टी लावून क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा.

वाट्या, चमचे, बोंडलं स्टीलचं असावं आणि प्रत्येक वेळी धुऊन दहा मिनिटं उकळलेलं. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चोवीस तास चालतं. गॅसवर तापवू नका, वाटी कोमट पाण्यात ठेवा. आई एका दवाखान्यात आणि बाळं दुसरीकडे असतील, तर झाकणाची वाटी बर्फाच्या डब्यात ठेवून दिवसातून दोन-तीनदा पोचवायला एक माणूस नेमा. हे काम कुणा एकाच्या नावावर टाकलं नाही तर होत नाही.

साधारण ३२ आठवड्यांआधीच्या बाळाला नळीने, ३२ ते ३४ मध्ये बोंडल्याने, त्यानंतर अंगावर. बाटली कुणी सुचवली तरी नको. तिची चोखायची रीत वेगळी आणि ती स्वच्छ ठेवणं अवघड. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच, तर डब्यातला सपाट चमचा आणि डब्यावर लिहिलेलं पाणी, एक थेंबही जास्त नाही. पातळ केलं की पोट भरतं आणि वजन थांबतं.

छातीवरची ऊब

बाळ स्थिर झालं की कांगारू पद्धत सुरू होते. समोरून उघडणारा ब्लाउज किंवा शर्ट, बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका बाजूला वळवून किंचित वर केलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले. जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी पाठीमागून घेऊन बांधा. पट्टीची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी, गाठ छातीवर नको. मान पुढे पडली की श्वास अडतो. नाक-तोंड दिसतंय ना, हे सतत बघायचं.

एका बैठकीला निदान एक तास. उचलून ठेवण्यात बाळाची शक्ती जाते, म्हणून दहा-दहा मिनिटांचा उपयोग नाही. दिवसाला आठ तासांच्या वर जितकं होईल तितकं चांगलं. जुळी दोन्ही एकदम ठेवता येतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, पण आईला उठबस कठीण होते. त्यापेक्षा एक आईकडे आणि एक बापाकडे, आजीकडे किंवा मावशीकडे, आणि दर वेळी अदलाबदल. वहीत कोण किती वेळ कुणाकडे होतं ते लिहा. अशक्त बाळ नेहमी आईकडे आणि धट्टंकट्टं दुसऱ्यांकडे, असं नकळत होतं आणि धट्ट्याला अंगावर प्यायची सवयच लागत नाही.

वजन आणि धीर

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, फार लवकर आलेल्यांचं त्याहून थोडं जास्त. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत येतं, मग रोज किलोमागे १५ ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. रोजच्या आकड्याने जीव टांगू नका, तीन दिवसांचा कल बघा. दोघांची तुलना तर नकोच. बाळ २ चं बाळ १ शी नव्हे, त्याच्याच कालच्याशी.

पाचवीची पूजा, बारावं हे सगळं घरी बाळांशिवाय करा, बारसं दोघं घरी आल्यावर. दवाखान्याच्या दारात वीस माणसं जमली तर आईचा दिवस त्यांना उत्तरं देण्यात जातो. फोन घेणारा एक माणूस ठरवा.

आईकडे लक्ष असू द्या. जुळ्यांमुळे पिशवी ताणलेली असते, त्यामुळे रक्तस्राव जास्त होऊ शकतो. तासाला एकाहून जास्त पॅड भिजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला तर लगेच सांगा. दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल, बाळांकडे बघावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे, डॉक्टरांना सांगा.

दोघांतलं एक गेलं, तर आईला ते पाहायचं, हातात घ्यायचं असेल तर घेऊ द्या. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते. "एक तरी आहे ना" हे वाक्य घरात कुणीही बोलू नये.

डोळ्यांची तपासणी चुकवू नका

दोन किलोंच्या आत किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. डोळा बाहेरून अगदी चांगला दिसतो आणि आत पडदा सुटत जातो. वेळेत लेझर केलं तर नजर वाचते, पण गरज लागली की दोन-तीन दिवसांतच करावं लागतं. जुळ्यांत चूक होते ती अशी: २१०० ग्रॅमचं बाळ १ लवकर घरी जातं आणि तपासणी फक्त दवाखान्यात राहिलेल्या बाळ २ ची होते. बाळ १ सुद्धा ३३ व्या आठवड्यातच आलेलं असतं! दोन्ही वह्यांच्या पहिल्या पानावर तिसाव्या दिवसाची तारीख लाल पेनने लिहून ठेवा. कानांची तपासणीही घरी जाण्याआधी, निदान पहिल्या महिन्यात.

घरी जाताना आणि गेल्यावर

पेटीबाहेर अंग गरम राहतंय, सगळं दूध तोंडाने पितंय, सलग तीन दिवस वजन वाढतंय आणि बरेच दिवस श्वास थांबलेला नाही, असं असलं की सोडतात. एक आधी सुटतं. आईने कुठे राहावं हा प्रश्न तेव्हा येतो. दवाखान्यात आयांसाठी खोली असेल तर सुटलेल्याला घेऊन तिथेच राहता येतं का विचारा. नसेल तर दिवसाचं वेळापत्रक आधी बसवा, मग सुटी घ्या. डॉक्टर नको म्हणत असताना सही करून नेऊ नका.

जन्मनोंद २१ दिवसांत, दोघांची वेगळी, प्रत्येकाची जन्मवेळ आणि आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे तपासून. नाव नंतर वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं.

बेळगावची थंडी आणि खानापूरचा ओलावा दोन्ही लहान बाळाला सोसत नाहीत. पोट आणि पाय दोन्ही गरम लागले तर बाळ ठीक. पोट गरम, पाय गार, तर थंडी लागतेय, छातीवर घ्या. दोन्ही गार, तर दवाखाना. बंद खोलीत शेगडी, धुरी अजिबात नको, कोळशाच्या धुराने माणूसही गुदमरतो. गुटी, मध, साखरपाणी, नाकात-कानात तेल, काजळ, यातलं काही नको. टाळूवर तेल थापणंही नको. अंघोळ दोन-अडीच किलो होईपर्यंत ओल्या कापडाने पुसण्यापुरती. पावसात लंगोट वाळत नाहीत, म्हणून दोघांचे मिळून चाळीस तरी ठेवा. ओला लंगोट अंग गार करतो.

दूध ओढणं सोडलं, एका मिनिटात ६० हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे, झटके, गळून पडणं, ताप किंवा अंग गार पडणं, बेंबीला पू: यातलं एकही दिसलं तर रात्र बघू नका, १०८ लावा. एकाला झालं तर दुसऱ्यालाही तपासून आणा.

आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात. तिला दोन्ही वह्या दाखवा, दोघांना वेगवेगळं तोलायला सांगा. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण मान धरणं, पालथं पडणं हे बाळंतपणाच्या डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं, तरी वाढीच्या हिशोबाने ते तीन महिन्यांचंच. पुढच्या तपासणीची तारीख घेताना दोघांची एकाच दिवशी मागून घ्या, नाहीतर कणकुंबीहून आठवड्यात दोनदा बस पकडावी लागते आणि तिसऱ्या खेपेला कुणाची तरी तपासणी राहून जाते.